तीन बंदुकांची सायकल

प्रश्न (सातारा): आमच्या माळ्यावर आजोबांची काळी सायकल आहे. पुढच्या पाटीवर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका आणि बी.एस.ए. ही अक्षरे. बी.एस.ए. ही तर मोटरसायकलवाली कंपनी, असे वडील सांगत. मोटरसायकली करणाऱ्यांना सायकली करायची बुद्धी का झाली? आणि बंदुका कशाला?

उत्तर: वडिलांचे बरोबर, फक्त क्रम उलटा. आधी बंदुका, मग सायकल आणि सगळ्यांत शेवटी मोटरसायकल. बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ मध्ये बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी एकत्र येऊन ही कंपनी काढली आणि स्मॉल हीथ या भागात कारखाना उभारला. मुक्कामाला थांबलेले सैनिक आपल्या रायफली एकमेकींच्या आधाराने उभ्या करून ठेवतात, तेच चित्र पुढे कंपनीचे चिन्ह झाले.

बंदुकीचा धंदा मोठा लहरी. लढाई असली की कारखान्यात दिवसरात्र काम, तह झाला की यंत्रे थंड. १८८० च्या सुमाराला यंत्रे अशीच थंड पडलेली असताना ऑटो नावाचे गृहस्थ आपली विचित्र दुचाकी घेऊन संचालकांपुढे आले. तिची चाके एकामागे एक नव्हती, टांग्यासारखी शेजारी शेजारी होती आणि स्वार मधोमध बसे. त्यांनी म्हणे ती चक्क बैठकीच्या टेबलावर चालवून दाखवली. कंपनीच्या इतिहासात ही गोष्ट आवडीने सांगतात. टेबल किती लांब होते हे कोणी विचारत नाही. काम मात्र मिळाले. पुढे रायफलींच्या मागण्या पुन्हा आल्या तशी सायकल बाजूला पडली. १८९३ मध्ये कंपनी सायकलचे सुटे भाग करायला लागली. पहिली बी.एस.ए. मोटरसायकल लोकांपुढे आली ती १९१० मध्ये.

बंदूकवाल्यांना सायकल जमली याचे कारण त्यांच्या यंत्रात आहे. बंदुकीची नळी सरळ आणि आतून एकसारखी लागते. एका बंदुकीचा खटका दुसरीला तसाच बसला पाहिजे, म्हणजे हजारो भाग एकाच मापाचे निघाले पाहिजेत. पोलाद वरून कडक आणि आतून चिवट ठेवायची विद्या लागते. सायकलचा हब, त्यातले कप-कोन, छर्रे आणि साखळी यांना हेच लागते. स्वीडनची हुस्कवार्ना, बेल्जियमची एफ.एन., ऑस्ट्रियाची श्टायर या सगळ्या मुळात शस्त्रांच्या कंपन्या आणि सगळ्यांनी सायकली केल्या. श्टायरने तर आपल्या सायकलचे नावच 'वाफेनराड' ठेवले, म्हणजे शस्त्रवाल्यांची सायकल.

दुसरा रस्ता सुईवरून आला. रॉयल एनफिल्डचे मूळ गाव रेडिच, हे सुया करणाऱ्यांचे गाव, आणि तिच्या आधीची टाउनसेंड ही पेढीही सुयांचीच. जर्मनीची एन.एस.यू. कंपनी १८७३ मध्ये विणकामाची यंत्रे करायला निघाली, १८८६ मध्ये सायकलींवर आली, १९०१ मध्ये मोटरसायकलींवर. ट्रायम्फ काढणारे झीगफ्रीड बेटमन न्यूरेंबर्गहून इंग्लंडला आले आणि आधी शिवणयंत्रांची विक्री करत होते. सायकलींचा कारखाना त्यांनी कॉव्हेंट्रीला काढला. १९०२ मध्ये ट्रायम्फची पहिली मोटरसायकल निघाली ती म्हणजे थोडी भक्कम केलेली त्यांचीच सायकल आणि तिच्यावर बसवलेले मिनर्व्हा या बेल्जियन कंपनीचे इंजिन. पायडल तसेच ठेवलेले. चढ आला की स्वाराने पाय मारायचे.

म्हणजे नळ्या, फोर्क, हब, स्पोक, साखळी आणि विक्रीची दुकाने हे सगळे सायकलवाल्यांच्या घरात आधीच होते. बाहेरून यायचे होते फक्त इंजिन. आपल्याकडेही वेगळे घडले नाही. लुधियानाची हीरो सायकल १९५६ ची, हीरो होंडा १९८४ ची.

प्रश्न (सांगली): माझ्याकडच्या सायकलवर बी.एस.ए. लिहिले आहे. दुकानदार म्हणतो मद्रासची, मित्र म्हणतो विलायती. खरे कोणाचे?

उत्तर: सायकल न बघता दोघांपैकी कोणालाही खोटे ठरवता येणार नाही. शिवाय तिसरी आणि चौथीही शक्यता आहे, ती दोघांच्याही डोक्यात नसावी. एकच नाव चार तऱ्हांच्या सायकलींवर सापडते.

पहिली तऱ्हा म्हणजे स्मॉल हीथच्या कारखान्यात तयार झालेली पूर्ण सायकल. दुसरी तऱ्हा लोकांना सगळ्यांत जास्त फसवते. बी.एस.ए. नुसत्या सायकली विकत नव्हती, सायकलीचे सुटे भागही विकत होती. हब, क्रँक, नळ्यांचे सांधे, सगळे. इंग्लंडातले लहान लहान सायकलवाले हे भाग घेऊन आपल्या नावाची सायकल जोडत आणि 'बी.एस.ए.चे भाग वापरले आहेत' अशी जाहिरात करत, कारण त्या भागांना मान होता. अशा सायकलीच्या क्रँकवर तीन बंदुका असतात, पुढच्या पाटीवर मात्र भलतेच नाव असते. पाटी हरवली असेल तर घरातले लोक वर्षानुवर्षे तिला बी.एस.ए.च म्हणत राहतात. त्यात कमीपणा काही नाही, ती सायकल चांगलीच असते. पण ती कारखान्याची सायकल नव्हे.

तिसरी तऱ्हा १९५७ नंतरची. त्या वर्षी बी.एस.ए.ने आपला सायकलींचा धंदा नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीला विकला आणि स्वतः मोटरसायकलींकडे राहिली. त्यानंतरची 'बी.एस.ए.' सायकल म्हणजे आतून रॅले. चौथी आपली. १९६० मध्ये रॅले ही कंपनी ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या मोठ्या इंग्रजी उद्योगाच्या ताब्यात गेली. त्याच ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने मद्रासच्या मुरुगप्पा कुटुंबाच्या भागीदारीत १९४९ मध्येच भारतात सायकलींची कंपनी काढली होती. अंबत्तूरच्या त्या कारखान्यातून हर्क्युलिस, फिलिप्स आणि बी.एस.ए. ही नावे आपल्या गावोगाव पोहोचली. ज्यांनी शाळेत बी.एस.ए. एस.एल.आर. चालवली त्यांचा स्मॉल हीथशी संबंध एवढाच.

आता ओळखायचे कसे? सायकलीच्या आकारावरून काही ठरवू नका. अठ्ठावीस इंची चाके, रॉड ब्रेक, उंच दांडी हा साचा इंग्लंडात विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पक्का झाला आणि आपल्याकडच्या काळ्या सायकली अजून त्याच साच्यातून निघतात. पाटीवरूनही ठरवू नका. पाटी ही सायकलवरची सगळ्यांत स्वस्त वस्तू, आज ती नव्याने छापून मिळते.

बघायचे ते चेनव्हील. जुन्या बी.एस.ए.च्या चेनव्हीलमध्ये लोखंडातच बी, एस, ए ही इंग्रजी अक्षरे कापून काढलेली असतात. त्यासाठी वेगळा साचा लागतो, म्हणून नक्कल करणे महाग पडते. मग हब बघा, ब्रेकची लिव्हर बघा, नटांची डोकी बघा. कारखान्याच्या सायकलीत हे चिन्ह बारीकसारीक भागांवरही पुन्हा पुन्हा भेटते. सीटच्या सांध्यावर किंवा तळाच्या बॉटम ब्रॅकेटवर ठोकलेला नंबर शोधा. रंग खरवडू नका. रॉकेलच्या फडक्याने मळ काढला की आकडे दिसतात. ब्रिटनमध्ये व्हेटरन सायकल क्लब नावाची जुनी संस्था आहे, १९५५ पासूनची. तिथे एकेका कंपनीचे जाणकार आहेत आणि नंबरावरून सालाचा अंदाज मिळू शकतो.

साल काढायच्या आणखी दोन सोप्या वाटा. मागच्या चाकाला स्टर्मी-आर्चरचे तीन गतींचे हब असेल तर त्याच्या पाठीवर सालाचे आकडे ठोकलेले असतात, ए.डब्ल्यू. जातीच्या हबवर '५२' दिसले तर हब १९५२ चे. हब म्हणालो, सायकल नव्हे. चाके बदलतात. दुसरी वाट मुलाम्याची. १९३० च्या आधीचा मुलामा निकेलचा, किंचित पिवळट आणि मऊ चमकेचा. त्यानंतरचा क्रोमचा, निळसर आणि कडक. आणि इंग्रजी सायकलचे हँडल, क्रँक आणि रिमसुद्धा मुळातूनच काळ्या रंगाच्या असतील तर घाईने 'कोणीतरी फासले' म्हणू नका. महायुद्धात क्रोम मिळत नव्हते, तेव्हा कारखान्यांनी सगळेच काळे रंगवले.

तुमच्या दोघांच्या वादात एक पुरावा घरातच सापडेल: नगरपालिकेचा बिल्ला. सायकलीवर कर होता तेव्हा दर वर्षी नवा बिल्ला घ्यावा लागे आणि त्यावर गावाचे नाव, साल आणि नंबर असे. हँडलला किंवा फोर्कला अडकलेला जुना बिल्ला सापडला तर सायकल निदान त्या सालाची किंवा त्याआधीची, हे नक्की. बिल्ला १९४८ चा असेल तर मद्रासचा प्रश्नच उरत नाही. बिल्ला काढून घासूनपुसून देवघरात ठेवू नका, जिथे आहे तिथेच राहू द्या.

प्रश्न (कोल्हापूर): वडिलांच्या सायकलीच्या चेनव्हीलमध्ये पाच माणसे हातात हात घालून पळताना दिसतात. पाटी गेली आहे. ही कोणती कंपनी?

उत्तर: हंबर. वडिलांचे अभिनंदन करावे अशी सायकल आहे.

चेनव्हीलमधली ती पाच माणसे हंबरची हमखास खूण. टॉमस हंबर यांचा कारखाना नॉटिंगहॅमजवळ बीस्टनला होता. पुढे कंपनीने मोटरसायकली केल्या, मोटारीही केल्या. आपल्याकडे जुन्या लोकांना हंबर आठवते ती मोटार म्हणूनच. तुमच्या सायकलचा पुढचा फोर्क आता नीट बघा. दोन्ही बाजूंना एकेक जाड नळी आहे की दोन दोन बारीक नळ्या? जोड नळ्यांचा फोर्क ही हंबरची दुसरी ओळख. तो सापडला तर सायकल वरच्या दर्जाची. १९३२ मध्ये हंबरचा सायकल विभाग रॅलेने घेतला, तरी पाच माणसे आणि जोड फोर्क रॅलेने सांभाळून ठेवले. त्यामुळे या खुणांवरून हंबर हे नाव कळते, बीस्टनची की रॅलेची ते कळत नाही.

त्यासाठी बॉटम ब्रॅकेट उघडावा लागतो. सायकलवाल्यांच्या दुनियेत बहुतेकांचे आटे एका इंचात २४ असतात आणि या मापाला आजही जगभर बी.एस.ए. म्हणतात. अगदी आजच्या महागड्या सायकलींच्या माहितीपत्रकातही ते नाव दिसते, कंपनी बुडून पन्नास वर्षे झाली तरी. रॅले मात्र हट्टाने इंचात २६ आटे पाडत असे. २४ चा कप २६ मध्ये जोर लावून बसवला की कपही जातो आणि सायकलही. तेव्हा मोजल्याशिवाय बसवू देऊ नका.

चेनव्हील वाचायची सवय लावून घ्या. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्यांची डोकी असतात. रज-व्हिटवर्थचे चिन्ह उघडा पंजा. रज १९११ पासून मोटरसायकली करत होती आणि तिची 'मल्टी' ही गाडी फार गाजली. सायकली १९४३ मध्ये रॅलेकडे गेल्या. खुद्द रॅलेनेही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोटरसायकली केल्या होत्या, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो नाद सोडला.

प्रश्न (नाशिक): माझ्याकडे बुलेट आहे. जुन्या बाजारात रॉयल एनफिल्डची सायकल बघितली, तोफेच्या चित्रासकट. खरेच अशी सायकल होती की कुणी बुलेटवेड्याने पाटी ठोकली?

उत्तर: होती, आणि बुलेटच्या कितीतरी आधी होती. रेडिचच्या या मंडळींना एनफिल्ड इथल्या सरकारी रायफल कारखान्याला सुटे भाग पुरवायचे काम मिळाले. त्या मानाची खूण म्हणून १८९३ च्या सुमाराला त्यांनी आपल्या सायकलला रॉयल एनफिल्ड नाव दिले आणि 'बंदुकीसारखी घडवलेली' हे ब्रीद घेतले. मोटरसायकल आली १९०१ मध्ये. बुलेट हे नाव १९३० च्या दशकातले, आणि मद्रासला बुलेट तयार व्हायला लागली १९५५ मध्ये. तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे मोटरसायकली जगभर विकत असतानाही इंग्लंडातल्या कंपनीचे कागदोपत्री नाव 'एनफिल्ड सायकल कंपनी'च होते.

पण तुमची शंका रास्त आहे. बुलेटच्या लोकप्रियतेमुळे रॉयल एनफिल्ड नावाची पाटी आज सायकलपेक्षा जास्त किमतीला खपते, आणि जिथे पाटी महाग तिथे पाट्या पैदा होतात. पाटीऐवजी पाटीखालची भोके बघा. पुढच्या नळीला जुनी, बुजवलेली किंवा रंगाखाली फुगवटा आलेली भोके दिसली तर तिथे आधी दुसऱ्या कंपनीची पाटी होती. पाटीच्या कडेने पाटीखालचा रंग दिसतो का बघा: मूळ पाटीखाली मूळ रंग ताजा राहतो, नव्या पाटीखाली जुना गंज असतो. पाटी डिंकाने चिकटवलेली असेल तर चहा पिऊन परत या.

प्रश्न (ठाणे): हार्ले डेव्हिडसननेही सायकली केल्या होत्या असे वाचले. तीच गोष्ट का?

उत्तर: नाही, ही गोष्ट उलटी. इथे मोटरसायकल आधी आणि सायकल नंतर. १९१७ पासून काही वर्षे हार्ले डेव्हिडसनच्या दुकानांत त्यांच्या नावाची सायकल मिळत होती, त्यांच्या मोटरसायकलींसारख्याच हिरवट खाकी रंगात. कारखाना मात्र हार्लेचा नव्हता. त्या सायकली ओहायो राज्यातल्या डेटन गावच्या डेव्हिस शिवणयंत्र कंपनीकडून करून घेतलेल्या. पुन्हा शिवणयंत्र! हेतू उघड होता: आज जो पोरगा आमची सायकल घेईल तो उद्या आमची मोटरसायकल घेईल. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रयोग संपला. म्हणून त्या दुर्मीळ आहेत, आणि दुर्मीळ म्हणून अमेरिकेतले संग्राहक त्यांच्यावर पैसे उधळतात. सायकल म्हणून बघितली तर त्या काळच्या इतर चांगल्या अमेरिकन सायकलींपेक्षा ती फार निराळी नाही. माझ्या मते इथे लोक नावाचेच पैसे देतात.

अमेरिकेतलीच जास्त मजेदार गोष्ट शिकागोच्या इग्नाझ श्विन यांची. सायकलवाल्या श्विननी एक्सेल्सियर आणि हेंडरसन या दोन मोटरसायकल कंपन्या घेतल्या आणि १९३१ च्या मंदीत दोन्ही बंद करून टाकल्या. थोड्याच वर्षांत त्यांच्या कारखान्यातून जाड टायरच्या आणि दांडीत खोटी टाकी बसवलेल्या सायकली निघू लागल्या. मोटरसायकल गेली, तिचा आव सायकलवर राहिला.

प्रश्न (पुणे): तुम्हाला स्वतःला यातली कोणती सायकल सर्वांत चांगली वाटते?

उत्तर: सनबीम, आणि दुसरीचा विचार करायला फार वेळ लागतो.

वुल्व्हरहॅम्प्टनचे जॉन मार्स्टन मूळचे पत्र्याच्या तबकांवर काळा चकचकीत लेप चढवणारे. हे काम ओव्हनमध्ये थर भाजून भाजून करतात. १८८७ मध्ये ते सायकलींकडे वळले आणि हीच कला त्यांनी सायकलच्या नळ्यांवर वापरली. काळा रंग, त्यावर सोन्याच्या वर्खाच्या बारीक रेषा. शंभर वर्षांच्या सनबीमचा रंग जिथे टिकला आहे तिथे तो अजून आरशासारखा दिसतो आणि आपल्या नव्या सायकलीचा दोन पावसाळ्यांत उडतो. पण सनबीमची खरी करामत दिसत नाही, ती पेटीत आहे. साखळी सगळीकडून बंद अशा धातूच्या पेटीत आणि पेटीच्या तळाशी तेल. साखळी फिरताना आपोआप तेलात बुडून निघते. धूळ नाही, चिखल नाही, पायजम्याला काळे डाग नाहीत. १९१२ मध्ये मार्स्टननी मोटरसायकली सुरू केल्या तेव्हा साखळीची ही पेटी त्यांनी तिकडेही नेली. एका कंपनीची सवय सायकलवरून मोटरसायकलवर गेलेली अशी डोळ्यांनी दिसणारी उदाहरणे थोडी.

संगीतकार एडवर्ड एल्गर सनबीम चालवत आणि तिला त्यांनी 'मिस्टर फीबस' असे नाव ठेवले होते. फीबस म्हणजे सूर्यदेव. सनबीमला शोभणारे.

शोधणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की मार्स्टन गेल्यावर हे नाव बऱ्याच हातांतून फिरले आणि १९४३ मध्ये बी.एस.ए.कडे आले. त्यानंतरच्या सनबीम बी.एस.ए.च्या कारखान्यातल्या. वाईट नव्हेत, पण मार्स्टनच्या नव्हेत.

प्रश्न (नागपूर): घडी घालता येणारी लष्करी सायकल बी.एस.ए.ची होती का? आजोबा सैन्यात होते, तिची गोष्ट सांगत.

उत्तर: होती. दुसऱ्या महायुद्धात विमानातून सैनिकांबरोबर उतरवण्यासाठी बी.एस.ए.ने ती केली. सांगाड्यात दोन दोन नळ्या समांतर वळवलेल्या, मधे दोन बिजागऱ्या आणि हाताने फिरवायच्या पंखांच्या नटांनी आवळायची व्यवस्था. पायडलच्या जागी नुसत्या दांड्या, त्या आत ढकलल्या की वाटेत येत नसत. १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या छायाचित्रांत या सायकली खांद्यावर दिसतात. वाळूत त्यांचा उपयोग किती झाला हा प्रश्न निराळा. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकलींचे संग्रहालय आहे, तिथे ही जात प्रत्यक्ष बघायला मिळते. बिजागरीजवळ उभे राहा आणि नळ्यांचा बाक बघा; बंदूकवाल्यांचा हात तिथे ओळखू येतो.

प्रश्न (मडगाव): वडिलांची ट्रायम्फ सायकल गंजली आहे. गॅरेजवाला म्हणतो मोटारीचा रंग मारून नव्यासारखी करतो. करू का?

उत्तर: करू नका. समुद्राकाठच्या हवेत गंज चढतो हे खरे, पण वरवरचा गंज आणि आत शिरलेला गंज यांत फरक आहे. बारीक स्टील वूल, यंत्राचे पातळ तेल आणि वेळ, एवढ्यावर वरचा गंज बराच उतरतो आणि खालचा भट्टीतला काळा रंग, कडेच्या रेषा, कंपनीचे उरलेसुरले अक्षर जागेवर राहते. एकदा सँडपेपर फिरवला की ते परत येत नाही, आणि ओळखायच्या ज्या खुणा मी वर सांगितल्या त्यांतल्या निम्म्या नाहीशा होतात. नळी खरोखरच कुजली असेल, विशेषतः सीटखाली आणि तळाशी, तर मात्र झाळून घ्या आणि तेवढीच रंगवा.

चामड्याच्या सीटला तेलात भिजवू नका. लोक खोबरेल ओततात, चामडे सैल पडते आणि मधे खड्डा होतो. ब्रुक्सच्या सीटला पुढे नाकाखाली ताण द्यायचा नट असतो. चामडे तडकले नसेल तर तो हळूहळू आवळा, एका दिवसात नव्हे.

प्रश्न (सोलापूर): अशा सायकलीची किंमत काय येईल?

उत्तर: हे या सदरात विचारू नका. घेणाऱ्याला हवी असेल तेवढी.

प्रश्न (धुळे): जुन्या फिलिप्सचे क्रँक काढायचे आहेत. कॉटर हलत नाही. दुकानदाराने हातोडा मारला तर पिन वाकली. आता?

उत्तर: फिलिप्स मोटरसायकलवाली कंपनी नव्हे, पण कॉटर सगळ्यांचे सारखेच छळतात. आधी नटाच्या बाजूला पातळ तेल सोडून रात्रभर ठेवा. क्रँकच्या खाली, कॉटरच्या भोवती बसेल एवढ्या जाड लोखंडी पाइपचा तुकडा उभा धरा, त्याचे दुसरे टोक जमिनीवर टेकवा. आधार नसेल तर हातोड्याचा सगळा मार आतल्या छर्ऱ्यांवर जातो आणि कप खराब होतात. नट एक-दोन आटे सैल ठेवून मारा, म्हणजे आटे चिरडणार नाहीत, आणि एकच घाव जोरात द्या. दहा हलक्या ठोक्यांनी पिन फक्त वाकते. वाकलेली पिन ड्रिलने काढावी लागते. नवी घेताना जुनी बरोबर न्या, कारण इंग्रजी क्रँकच्या पिना जाड असतात, ९.५ मिलिमीटरच्या, आणि इतर काही देशांच्या क्रँकना त्या बसत नाहीत. क्रँक निघाल्यावर बॉटम ब्रॅकेट खोलणार असाल तर चेनव्हीलच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. तोही हलत नसेल तर हलवू नका. तसाच ठेवून त्याच्या आतली जागा पुसून, नवे छर्रे आणि ग्रीस घालून डाव्या बाजूने बंद करा.